इतिहासाचे नाटक आणि महोत्सवाचा प्रेक्षक : लाओ श यांच्या ‘चहाघर’च्या निमित्ताने

१

नाट्यप्रयोग चालू असताना एखादा प्रेक्षक उठून जातो, तेव्हा तो नेमके काय नाकारत असतो? संहिता, प्रयोग, दिग्दर्शकाची भूमिका, की आपल्याकडून गृहीत धरला गेलेला प्रेक्षकपणा? नाट्यसमीक्षेने या प्रश्नाचा विचार फारसा गांभीर्याने केलेला नाही. टाळ्यांची नोंद होते, तिकीटविक्रीची होते. नकाराची नोंद मात्र ‘प्रयोग वादग्रस्त ठरला’ एवढ्या एका वाक्यात आटोपली जाते. वस्तुतः प्रतिसादाचे शास्त्र भारतीय परंपरेला नवे नाही. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार आहे आणि तो संपूर्णपणे प्रेक्षकाच्या अंगाने केलेला आहे. स्मित, हास्य, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे उद्गार या वाचिक खुणा. रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्राचे दान या शारीरिक खुणा. ही झाली मानुषी सिद्धी. हिच्याहून वेगळी अशी दैविकी सिद्धी असते. प्रेक्षागृह भरलेले असावे आणि त्यात कसलाही क्षोभ, कसलाही आवाज नसावा, ही तिची खूण.

या वर्गीकरणात आसनावरून उठणे ही सिद्धीची खूण आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. भरताचा प्रेक्षक भारावून उठतो. आधुनिक महोत्सवाचा प्रेक्षक बाहेर जाण्यासाठी उठतो. क्रिया एकच, पण तिचा अर्थ उलटा. हा अर्थ क्रियेकडे पाहून कळत नाही, प्रेक्षक कोणत्या स्मृती घेऊन आसनावर बसला होता ते पाहिल्यावर कळतो. लाओ श (१८९९–१९६६) यांच्या ‘चहाघर’ या चिनी नाटकाचा प्रयोगेतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. १९५८ ते २०१९ या काळात या एकाच संहितेला बीजिंग, मानहाइम, वुझेन आणि आव्हीन्यों येथे मिळालेले प्रतिसाद इतके भिन्न आहेत, की ते एकाच नाटकाचे प्रेक्षक होते काय अशी शंका यावी.

२

‘चहाघर’ १९५७ साली प्रसिद्ध झाले आणि २९ मार्च १९५८ रोजी बीजिंग जनकला नाट्यगृहाने जिआओ ज्युयिन व श्या छुन यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. नाटक तीन अंकी. स्थळ एकच, बीजिंगमधील एक जुने चहाघर. पहिला अंक १८९८ चा, सुधारणांचा प्रयत्न चिरडला गेल्यानंतरचा. दुसरा युआन शिकाईच्या मृत्यूनंतरचा, लष्करी सरदारांच्या बेबंदशाहीतला. तिसरा जपानच्या शरणागतीनंतरचा, कुओमिंतांग राजवटीतला. सुमारे पन्नास वर्षांचा हा इतिहास आहे. परंतु त्यात एकही सम्राट, सेनापती वा क्रांतिकारक रंगमंचावर अवतरत नाही. सत्तरांच्या घरातील पात्रे येतात आणि जातात. दलाल, ज्योतिषी, म्हातारा खोजा, मुलगी विकायला आलेला शेतकरी, दोघांत मिळून एकच बायको विकत घेऊ पाहणारे पळपुटे सैनिक ही त्यांतली काही. इतिहास घडतो तो रस्त्यावर किंवा राजवाड्यात. चहाघरात फक्त त्याचे पडसाद येतात, आणि त्या पडसादांनीच माणसे मोडतात.

कथानकाचा धागा असा नाहीच. आहेत तीन माणसे. काळाप्रमाणे दुकान बदलत, सर्वांपुढे वाकत तगून राहणारा मालक वांग लीफा. वाडवडिलांची मालमत्ता विकून कारखाना काढणारा आणि शेवटी त्याचे भंगार झालेले पाहणारा छिन झोंगयी. आणि मांचू वंशाचा मानी छांग, जो छिंग साम्राज्य बुडणार असे बोलून गेल्याबद्दल पहिल्याच अंकात पकडला जातो व पुढे भाजी आणि शेंगदाणे विकून दिवस काढतो. अखेरच्या अंकात हे तिघे म्हातारे मृतांसाठी उधळायचे कागदी पैसे स्वतःसाठीच उधळतात. आपले और्ध्वदेहिक आपणच उरकून घेण्याचा हा प्रसंग करुण आणि विनोदी यांच्या नेमक्या सीमेवर उभा आहे.

दोन युक्त्या या नाटकाच्या आशयाशी एकजीव झालेल्या आहेत. चहाघराच्या भिंतीवर राज्यकारभाराविषयी बोलू नये अशी सूचना लावलेली असते; अंकागणिक सत्ता बदलते आणि त्या सूचनेची अक्षरे मोठी होत जातात. दुसरी युक्ती वारशाची. पहिल्या अंकातले गुप्तहेर, दलाल आणि ज्योतिषी तिसऱ्या अंकात मुलांच्या रूपाने परत येतात; तेच नट, तोच धंदा, फक्त पोशाख नवा. काळ पुढे जातो या आधुनिक श्रद्धेला दिलेले याहून मुकाट उत्तर विसाव्या शतकाच्या नाट्यवाङ्मयात क्वचितच आढळेल.

३

पहिला प्रतिसाद प्रेक्षकाचा नव्हता, व्यवस्थेचा होता. १९५८ साली ४९ प्रयोगांनंतर नाटक थांबवण्यात आले. गेलेल्या काळाविषयी त्यात हळहळ आहे आणि भविष्याची दिशा दाखवणारी शक्ती नाही, हा आक्षेपांचा गाभा होता. १९६३ च्या पुनःप्रयोगात क्रांतीचा ‘तांबडा धागा’ संहितेत गुंफण्यात आला, तरीही ते फार काळ टिकले नाही. ऑगस्ट १९६६ मध्ये रेड गार्डांच्या मारहाणीनंतर लाओ श यांचा मृतदेह बीजिंगमधील तायपिंग तळ्यात सापडला.

आक्षेप घेणाऱ्यांची समज कमी होती असे मानणे सोपे आहे, पण चुकीचे आहे. त्यांनी नाटक बरोबर वाचले होते. तीन कालखंडांना मूठमाती देणारे हे नाटक अधिकृत इतिहासदृष्टीशी जुळणारेच होते. जुना समाज सडलेला होता हे सिद्ध करण्यासाठी त्याचा उपयोग होऊ शकत होता. परंतु भिंतीवरची ती सूचना तिसऱ्या अंकानंतर उतरते असे संहिता कोठेही सांगत नाही. चौथा अंक लिहिलेला नाही, आणि न लिहिलेला अंक प्रेक्षक मनात लिहितो. सेन्सॉरला भीती असते ती या अंकाची.

हा अंक १९७९ साली बीजिंगच्या प्रेक्षकांनी उघडपणे वाचला. लेखकाच्या ऐंशीव्या जन्मवर्षाच्या निमित्ताने मूळ प्रयोग, शक्य तेथे मूळ नटसंचात, पुन्हा उभा राहिला. वांग लीफाच्या भूमिकेत यू शिझी, छांगच्या भूमिकेत झेंग रोंग, छिनच्या भूमिकेत लान त्यानये. दिग्दर्शक जिआओ ज्युयिन १९७५ मध्येच निवर्तले होते. संहिता बदललेली नव्हती. बदलला होता तो तिच्याभोवतीचा काळ. एका वाक्यापायी तुरुंगात जाणारा माणूस, देशावर आपण प्रेम केले पण आपल्यावर कोणी केले असे विचारणारा म्हातारा, गळफास घेण्यासाठी आत जाणारा मालक, ही पात्रे आता १८९८ ची वा १९४६ ची राहिली नव्हती. लेखकाचा मृत्यू संहितेत शिरला होता. हान्स रॉबर्ट याउस यांनी मांडलेली ‘अपेक्षांच्या क्षितिजा’ची संकल्पना येथे उपयोगी आहे, मात्र तिच्यात एक भर घालावी लागते. क्षितिज केवळ वाङ्मयीन संकेतांनी बनत नाही. प्रेक्षागृहात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसानेही तेच सोसले आहे, ही जाणीव त्या क्षितिजाचा भाग असते. नाटक वाचणाऱ्याला हे शेजारपण लाभत नाही.

४

१९८० च्या शरद ऋतूत हा प्रयोग पश्चिम जर्मनी, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड येथे गेला. चिनी संवादनाट्याचा एवढा मोठा परदेश दौरा पूर्वी झालेला नव्हता. मानहाइमपासून सुरू झालेल्या या दौऱ्यात पंधरा शहरे होती; प्रेक्षक भाषांतर कानाने ऐकत होते. नवल असे, की सर्वांत स्थानिक, बीजिंगच्या बोलीत मुरलेले हे वास्तववादी नाटक युरोपच्या प्रेक्षकांनी उभे राहून स्वीकारले. चिनी रंगभूमी म्हणजे रंगवलेले चेहरे आणि कसरती ही त्यांची अपेक्षा होती. समोर आले ते अत्यंत संयत आणि समूहाच्या तालाने बांधलेले अभिनयनाट्य.

या यशाची दोन स्पष्टीकरणे संभवतात. पहिले असे, की जिआओ ज्युयिन यांचा वास्तववाद मुळात दोन परंपरांचा होता. त्यांनी पॅरिसला राहून चिनी रंगभूमीवर प्रबंध लिहिला होता. स्तानिस्लाव्हस्कीची अंतर्मुखता आणि पारंपरिक चिनी नाट्याची रेखीव, क्षणात पात्र उभे करणारी देहबोली यांचा मेळ त्यांनी घातला. त्यामुळे भाषा न कळणाऱ्यालाही पात्र कळत होते. दुसरे स्पष्टीकरण अधिक महत्त्वाचे आहे. ज्या जर्मन प्रेक्षकाने अर्ध्या शतकात साम्राज्य, प्रजासत्ताक, हुकूमशाही आणि फाळणी पाहिली होती, त्याला प्रत्येक राजवटीत तोच धंदा करणारा गुप्तहेर समजावून सांगण्याची गरज नव्हती. चीनचा इतिहास त्याला ठाऊक नसेल. राजवटी बदलताना माणसे कशी तगतात हे ठाऊक होते. ही ओळख तपशिलाची नव्हती, रचनेची होती.

याच १९८० साली थिएटर अकॅडमीचे ‘घाशीराम कोतवाल’ही युरोपच्या दौऱ्यावर गेले होते, ही गोष्ट मराठी अभ्यासकाच्या लक्षात येईल. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात पहिला प्रयोग झालेल्या त्या नाटकाला घरी झालेला विरोध नाना फडणविसांच्या चित्रणावरून होता; विजय तेंडुलकरांनी आपले नाटक ऐतिहासिक नसल्याचे सांगूनही तो शमला नाही. परदेशातील प्रेक्षकासाठी नाना हे नाव रिकामे होते. त्याला दिसली ती माणसांची हलती भिंत, कीर्तन-तमाशाच्या अंगाने जाणारी रचना आणि सत्तेने निर्माण केलेल्या राक्षसाची कथा. म्हणजे जे घरी जखम होते ते बाहेर रूप झाले. ‘चहाघर’च्या बाबतीत तसे झाले नाही, कारण त्यात नावाने ओळखावा असा कोणी नव्हताच. पुण्याच्या प्रेक्षकाने परिचित नावावर हरकत घेतली. बीजिंगच्या व्यवस्थेने अनुपस्थित नायकावर घेतली. ऐतिहासिक नाटकाच्या स्वीकारात नाव हे किती निर्णायक ठरते, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

५

यानंतर ‘चहाघर’ अभिजात झाले. १९८२ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. १९९२ च्या जुलैमध्ये यू शिझी यांनी वांग लीफाची भूमिका शेवटची केली. स्मृती दगा देत होती, संवाद विसरले जात होते, आणि प्रेक्षकांनी ते विसरणे प्रेमाने सावरून घेतले. प्रेक्षकांना ते संवाद नटापेक्षा अधिक पाठ होते. अभिजाततेचे याहून बोलके आणि याहून धोक्याचे लक्षण दुसरे नाही. लिन झाओहुआ यांनी १९९९ मध्ये नव्या नटसंचात, नव्या नेपथ्यात नाटक बसवले. २००५ मध्ये जनकला नाट्यगृह पुन्हा जिआओ ज्युयिन यांच्या मांडणीकडे परतले. २०१८ साली नाटकाला साठ वर्षे झाली तेव्हा प्रयोगसंख्या सातशेच्या घरात गेली होती. आता प्रेक्षक नाटक पाहायला जात नव्हता, आठवलेले नाटक जुळते की नाही ते पडताळायला जात होता. ज्या संहितेने १९७९ मध्ये धक्का दिला, ती जुन्या बीजिंगच्या गोडव्याचे दालन बनली होती. शोकांतिका वारसा झाली, की तिच्यातील शोक सुरक्षित होतो.

मेंग जिंगहुई यांच्या २०१८ च्या प्रयोगाचा रोख या सुरक्षिततेवर होता. चहाघराची टेबले, पिंजऱ्यातले पक्षी, लांब झगे, सारे गेले. रंगमंच व्यापणारे एक प्रचंड पोलादी चक्र आले. संवाद बोलले गेले नाहीत, ओरडले गेले. मूळ संहितेच्या तुकड्यांत डोस्टोयेव्हस्की आणि ब्रेख्ट यांचे उतारे मिसळले. रॉक संगीत आले. बर्लिनच्या फोल्क्सब्यून परंपरेतून आलेले सेबास्टियन कायझर हे संहितारचनेत सहभागी होते. वुझेन महोत्सवात या प्रयोगावर प्रेक्षक दुभंगले. कित्येक मध्येच उठून गेले. कित्येकांनी हीच त्या नाटकाची खरी मुक्ती मानली. लाओ श यांचा अपमान झाला, हा एका बाजूचा सूर. लाओ श यांचा संताप साठ वर्षांनी ऐकू आला, हा दुसऱ्या बाजूचा.

हा वाद रूढ अर्थाने परंपरा आणि नवता यांच्यातील वाद म्हणून मांडला गेला. तो तसा नाही. उठून जाणारा आणि बसून राहणारा या दोघांच्याही मनात एकच मूळ प्रयोग उभा होता. यू शिझीचा हळू, नमता आवाज ज्याच्या कानात आहे त्यालाच ती आरोळी आरोळी म्हणून ऐकू येते. दोघे एकाच भाषेत भांडत होते. त्यामुळे वुझेनमधील नकार हा प्रयोगाच्या अर्थाचा घटक आहे. प्रेक्षक उठून गेले नसते तर प्रयोगाने काही मोडले असे म्हणता आले नसते. मोडण्यासाठी आधी कोणीतरी ते जपत असावे लागते.

६

जुलै २०१९ मध्ये हाच प्रयोग आव्हीन्यों महोत्सवाच्या मुख्य कार्यक्रमात सादर झाला. येथेही स्वागत एकमुखी नव्हते. परंतु वुझेनमधील मतभेद आणि आव्हीन्योंमधील मतभेद यांत जातिभेद आहे. फ्रेंच प्रेक्षकापुढे मूळ ‘चहाघर’ नव्हते. १९८० चा दौरा एकोणचाळीस वर्षे मागे पडला होता. त्याला दिसले ते चक्र, कोलाहल, तुकड्यांची संहिता, ब्रेख्ट आणि संगीत, आणि ही भाषा तर युरोपीय महोत्सवांनीच गेल्या काही दशकांत घडवलेली! जे चिनी रंगभूमीवर बंड होते ते येथे परिचित शैली ठरले. त्याला उत्तर मिळाले, पण प्रश्न कोणता होता हे कळले नाही.

यातून एक गृहीतक तपासून पाहण्याची गरज निर्माण होते. वास्तववादी नाटक मातीशी बांधलेले असते आणि प्रायोगिक रूप देशोदेशी संचार करते, असे सामान्यतः मानले जाते. ‘चहाघर’चा इतिहास नेमके उलटे सांगतो. वास्तववादी प्रयोग आपला संदर्भ स्वतःबरोबर घेऊन जातो. चहाचा पेला कसा धरला, कोणापुढे किती वाकले, यांतून तो आपले जग प्रेक्षकासमोर रचतो. विघटन करणारा प्रयोग मात्र ज्याचे विघटन करावयाचे ते घरी ठेवून येतो. अभिजात कृतीची मोडतोड ही सर्वांत स्थानिक कला आहे.

पात्रिस पाव्हिस यांनी आंतरसांस्कृतिक रंगभूमीसाठी वाळूच्या घड्याळाची प्रतिमा वापरली: उगमसंस्कृतीचे कण अरुंद मानेतून गाळले जाऊन ग्राहक संस्कृतीत नव्याने रचले जातात. पीटर ब्रुक यांचे ‘महाभारत’ १९८५ मध्ये याच आव्हीन्यों महोत्सवात प्रथम सादर झाले, तेव्हा ही गाळणी ग्राहक संस्कृतीच्या हाती होती. रुस्तुम भरूचा यांनी त्या प्रयोगावर घेतलेला आक्षेप संदर्भ हिरावून घेण्याविरुद्धचा होता. २०१९ मध्ये परिस्थिती गुंतागुंतीची आहे. येथे कोणी परका कोणाची कथा उचलून नेत नाही. चिनी दिग्दर्शकच आपल्या अभिजात कृतीला महोत्सवाच्या वाक्प्रचारात बोलते करतो. गाळणी आता उगमस्थानीच बसवलेली आहे. भरूचांची टीका या स्थितीला तशीच्या तशी लावता येत नाही. पण तिचा मूळ प्रश्न, संदर्भाची किंमत कोण मोजतो, शिल्लक राहतोच.

तरीही हा प्रयोग केवळ महोत्सवासाठी रचलेला होता असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. मूळ नाटकातील इतिहास पुढे जात नाही, फिरतो. वारशाने चालत आलेले गुप्तहेर हा त्याचा पुरावा आहे. पोलादी चक्र ही त्या आशयाची उपरी सजावट नाही, त्याचेच दृश्य रूप आहे. आक्षेप घ्यावयाचाच तर तो वेगळ्या ठिकाणी घ्यावा लागेल. लाओ श यांच्या नाटकात माणसे हळू बोलतात, कारण भिंतीवर सूचना आहे. सर्वांनीच ओरडावे असे ठरले की सूचनेला धाक उरत नाही. दबलेला आवाज हाच ज्या नाटकाचा विषय, त्यात आरोळी ही मुक्ती असते तशीच विस्मृतीही असते.

या संदर्भात वांग छोंग यांचा २०१७ चा प्रयोग आठवावा. बीजिंगमधील एका शाळेच्या वर्गात, विद्यार्थ्यांनाच नट करून, एका वेळी अकरा प्रेक्षकांपुढे त्यांनी ‘चहाघर’ सादर केले. चहाघराच्या जागी वर्ग येताच जे सूचित होते ते ओरडून सांगावे लागत नाही: भिंतीवर काय लिहिलेले असते आणि कोण गप्प राहायला शिकते, हे वर्गात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. हा प्रयोग महोत्सवांच्या मोठ्या मंचावर कदाचित हरवला असता. पण प्रेक्षकाच्या स्मृतीशी थेट व्यवहार करण्यात तो चक्राहून पुढे गेला.

७

प्रेक्षकप्रतिसादाचा विचार करताना, सारांशरूपाने, तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली ओळख: ही तपशिलाची असेल किंवा रचनेची, आणि रचनेची ओळख भाषेची सीमा ओलांडते. दुसरी कौतुक: हे रूपाविषयी असते आणि त्यासाठी प्रेक्षकाला स्वतःचे काही पणाला लावावे लागत नाही. तिसरा नकार: हा बहुधा ओळखीतूनच निर्माण होतो. महोत्सव ही संस्था दुसऱ्या प्रकारच्या प्रतिसादाला अनुकूल असते. आठवडाभरात दहा देशांची नाटके पाहणारा प्रेक्षक तुलना करू शकतो, आठवू शकत नाही. त्याचे मौन पाहून दैविकी सिद्धी झाली असे समजण्यात धोका आहे; शांत भरलेले प्रेक्षागृह सौजन्याचेही असू शकते.

मग परक्या प्रेक्षकाने इतिहासाच्या नाटकाविषयी मत देऊच नये काय? १९८० च्या मानहाइमचा अनुभव या प्रश्नाचे उत्तर देतो. तेथील प्रेक्षकाने चीनविषयीचे ज्ञान आणले नव्हते. त्याने स्वतःचा इतिहास आणला होता. इतिहासाचे नाटक प्रेक्षकाकडे माहितीची मागणी करत नाही, स्वतःच्या भिंतीवरची सूचना वाचण्याची मागणी करते. ही मागणी ज्या प्रयोगात पोहोचते तेथे प्रेक्षक बसून राहिला काय किंवा उठून गेला काय, सिद्धी झालेली असते. ती पोहोचली की नाही हे पाहणे समीक्षेचे काम आहे, आणि त्यासाठी तिला रंगमंचाइतकेच लक्ष काळोखातल्या खुर्च्यांकडेही द्यावे लागेल.